जुना ग्रुप की आयत्या वेळचे पाहुणे? खोल्या वाटण्याचं गणित, नवख्यांसाठी

तुम्ही हॉटेलच्या रेव्हेन्यू विभागात नवीन आहात. सेल्समधून फोन येतो: मंगळवार, बुधवार, गुरुवार अशा तीन रात्री ४० खोल्या हव्यात, दर नेहमीचाच. ग्रुप जुना, सहा वर्षं न चुकता येणारा, पैसे वेळेवर देणारा. नेमकी त्याच आठवड्यात शहरात एक मोठी परिषद आहे आणि बुधवारच्या खोल्या आत्ताच चढ्या दराने जाताहेत. सेल्स म्हणतं, "जुन्या माणसांना नाही कसं म्हणायचं?" रिझर्वेशन म्हणतं, "दीडपट दराने जाणारी खोली जुन्या दराने का द्यायची?" आणि मग दोघंही तुमच्याकडे बघतात.

माझ्या मते इथे दोघांचाही प्रश्न चुकलेला आहे. ग्रुप घ्यायचा की सुटे पाहुणे, असं काही ठरवायचंच नसतं. हा ग्रुप कोणत्या रात्री किती खोल्यांमधून दुसऱ्या कुणाला तरी बाहेर काढतोय, एवढंच शोधायचं असतं. मंगळवारी तो कदाचित कुणालाच बाहेर काढत नसेल आणि बुधवारी तीसेक जणांना काढत असेल. तीन रात्रींची तीन उत्तरं येतात, आणि त्यांची बेरीज केल्यावरच ग्रुपचं उत्तर मिळतं. ती बेरीज कशी करायची आणि जुन्या नात्याला तिच्यात कुठे बसवायचं, ते पायरीपायरीने बघू. आकडे फक्त शिकण्यासाठी घेतलेले आहेत, चलन कोणतंही धरा.

आधी थोडे शब्द

एक खोली एका रात्रीसाठी विकली की ती झाली एक रूम नाइट. आपला माल तोच. आजची रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. एकत्र करार करून घेतलेल्या खोल्या म्हणजे ग्रुप. बाजाराची आकडेवारी गोळा करणारी एसटीआर ही संस्था दहा किंवा त्याहून जास्त खोल्यांचं एकत्र बुकिंग ग्रुपमध्ये धरते. तुमच्या हॉटेलची रेघ वेगळी असू शकते, ती पहिल्याच दिवशी विचारून घ्या. ग्रुपसाठी बाजूला काढून ठेवलेल्या खोल्या म्हणजे ब्लॉक. त्यातल्या प्रत्यक्ष नावानिशी भरल्या गेलेल्या खोल्या म्हणजे पिकअप. न भरता परत येतात तो वॉश. ब्लॉक कोणत्या तारखेनंतर आपोआप सुटतो, ती कट-ऑफ. बाकी जे एकेकटे, स्वतःहून, वेबसाइटवरून, ओटीएवरून (म्हणजे कमिशन घेऊन खोल्या विकणाऱ्या ऑनलाइन बुकिंग साइटवरून) किंवा फोनवरून येतात, ते सुटे पाहुणे. त्यातले शेवटच्या आठवडा-दोन आठवड्यांत येणारे, त्यांना मी आयत्या वेळची मागणी म्हणतो.

हे शास्त्र हॉटेलांनी विमान कंपन्यांकडून उचललं. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, स्वस्त तिकिटांची चुरस लागली, आणि आधी येणाऱ्या स्वस्त प्रवाशाला किती जागा द्यायच्या व शेवटी येणाऱ्या महाग प्रवाशासाठी किती राखायच्या, हा प्रश्न उभा राहिला. ऐंशीच्या दशकात मॅरियटसारख्या साखळ्यांनी तीच रीत खोल्यांना लावली. आपला जुना ग्रुप हा तो आधी येणारा प्रवासी, फरक इतकाच की तो एकटा येत नाही आणि दरवर्षी येतो.

पायरी १: प्रत्येक रात्रीचा खरा अंदाज काढा

ग्रुपची चौकशी आली की आधी ग्रुप विसरा. तो आलाच नाही असं धरून प्रत्येक रात्री सुट्या पाहुण्यांच्या किती खोल्या जातील ते लिहा. इथे नवख्यांची हमखास एक चूक होते. गेल्या वर्षी किती खोल्या विकल्या तेवढीच मागणी, असं ते धरतात. पण हॉटेल भरल्यावर ज्यांना परत पाठवलं, ज्यांनी दर बघून खिडकी बंद केली, त्यांचं काय? विकलेल्या खोल्या १०० वर थांबतात, कारण हॉटेलात खोल्याच १०० असतात. मागणी १३० ची असू शकते. म्हणून रिझर्वेशनला नकारांची नोंद ठेवायला लावा: कोणत्या तारखेला, किती खोल्या, 'जागा नाही' म्हणून की 'दर जास्त' म्हणून. महिनाभर कटकट वाटते. वर्षभराने त्याच वहीवर तुमचा अंदाज उभा असतो.

तुलना करताना तारखेला तारीख जुळवू नका, वाराला वार जुळवा. गेल्या वर्षीची १२ तारीख रविवारी असेल आणि यंदाची सोमवारी, तर दोन्हींची तुलना म्हणजे गहू आणि दगड एका तागडीत. सण, सुट्ट्या आणि शहरातले कार्यक्रम सरकलेले असतील तर तेही सरकवून घ्या. मग पेस बघा: आजपासून इतके दिवस आधी गेल्या वर्षी किती बुकिंग होतं आणि यंदा किती आहे. पेस पुढे असला म्हणून लगेच आनंदून जायचं नाही. कधी कधी लोक नुसते लवकर बुकिंग करत असतात. शेवटचा आकडा तोच राहतो.

आपल्या उदाहरणात १०० खोल्यांचं हॉटेल धरू. १० खोल्या रोज विमान कर्मचाऱ्यांच्या करारात आधीच गेलेल्या आहेत, म्हणजे उरल्या ९०. सुट्या पाहुण्यांचा अंदाज: मंगळवारी ५०, बुधवारी ८५, गुरुवारी ७५.

पायरी २: दोन्ही बाजू धुऊन घ्या

ग्रुपने ४० खोल्या मागितल्या म्हणजे ४० भरतील असं नाही. त्याच ग्रुपच्या मागच्या तीन-चार खेपा काढा. ब्लॉक किती होता, कट-ऑफला किती नावं आली, शेवटी किती चेक-इन झाले, आणि पहिल्या रात्री उशिरा येणारे किंवा शेवटच्या रात्री लवकर निघणारे किती होते. हा ग्रुप साधारण दहा टक्के वॉश देतो असं दिसलं, तर ४० चे ३६ धरा.

एवढं सगळे करतात. सुट्या पाहुण्यांना मात्र कुणी धुवत नाही! फुकट रद्द करता येणारी ओटीएवरची बुकिंगं परिषदेच्या काळात भराभर येतात, कारण लोक दोन-तीन हॉटेलांत खोल्या अडवून ठेवतात आणि शेवटच्या दोन दिवसांत नको त्या सोडतात. पडद्यावर बुधवार भरल्यासारखा दिसतो, त्याच्या जोरावर जुन्या ग्रुपला नाही म्हटलं जातं, आणि सोमवारी सकाळी रद्द झाल्याचे मेल येऊ लागतात. एका हॉटेलात मी स्वतः हे केलेलं आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणजे काय, ते त्या आठवड्यात नीट कळलं. त्यामुळे सुट्या मागणीचा आकडा लिहिताना रद्द होणारी आणि न येणारी वजा करूनच लिहा. वरचे ५०, ८५ आणि ७५ हे तसे धुतलेले आकडे आहेत असं समजा.

पायरी ३: कोण बाहेर पडतं, त्याचा हिशोब

याला धंद्यात डिस्प्लेसमेंट म्हणतात. मराठीत सरळ 'बाहेर पडलेल्या खोल्या' म्हणू. ९० खोल्यांतून सुट्या पाहुण्यांचा अंदाज वजा करायचा. उरल्या त्या मोकळ्या. ग्रुपला त्याहून जास्त लागल्या तर वरच्या तेवढ्या बाहेर पडल्या.

मंगळवार: ९० वजा ५०, मोकळ्या ४०. ग्रुपला ३६ हव्यात. बाहेर पडलेल्या ०.
बुधवार: ९० वजा ८५, मोकळ्या ५. बाहेर पडलेल्या ३१.
गुरुवार: ९० वजा ७५, मोकळ्या १५. बाहेर पडलेल्या २१.

एकूण ग्रुपच्या १०८ रूम नाइट, आणि त्यांच्यामुळे बाहेर पडलेल्या ५२. या दोन आकड्यांतच अर्धं उत्तर आहे. १०८ पैकी ५६ रूम नाइट अशा आहेत की ज्या ग्रुपशिवाय रिकाम्याच राहिल्या असत्या.

आता पैसे. इथे दराची तुलना दराशी करायची नाही, हातात काय उरतं याची करायची. सुट्या पाहुण्याचा दर बुधवारी १२० आणि गुरुवारी १०५ आहे. पण त्यातले काही ओटीएवरून येतात, तिथे कमिशन जातं. काही थेट येतात, तिथे जात नाही. सरासरीने १२ टक्के गेले असं धरलं तर हातात १०६ आणि ९२ राहतात. साफसफाई, धुलाई, वीज, खोलीतल्या वस्तू असा भरलेल्या खोलीचा खर्च १५ धरू. म्हणजे बुधवारी ९१ उरतात, गुरुवारी ७७. बाहेर पडलेल्या खोल्यांची किंमत: ३१ गुणिले ९१ म्हणजे २८२१, अधिक २१ गुणिले ७७ म्हणजे १६१७. एकूण ४४३८.

ग्रुपचा दर ७०, कमिशन नाही, खर्च तोच १५. उरतात ५५. १०८ रूम नाइटचे झाले ५९४०. नुसत्या खोल्यांवरच ग्रुप १५०२ ने पुढे आहे. त्यात सभागृह आणि जेवणाचे धरा. उत्पन्न पूर्ण धरू नका, त्यातून उरणारा वाटाच धरा. बँक्वेटच्या बिलातला मोठा भाग माल आणि माणसांवर जातो. तो वाटा रूम नाइटमागे २० असेल तर २१६० आणखी. सुटे पाहुणेही उपाहारगृहात थोडं खर्च करतात, ते रूम नाइटमागे ५ धरले तर बाहेर पडलेल्या ५२ चे २६० वजा. शेवटचा आकडा: ३४०२ जमेला.

म्हणजे ज्या ग्रुपला 'दीडपट दराच्या खोल्या अडवतोय' म्हणून नाकारायला निघाले होते, तो घेणंच फायद्याचं निघालं. मंगळवारने त्याला तारलं.

याच हिशोबातून किमान दरही काढता येतो, म्हणजे ज्याच्या खाली ग्रुप घेणं तोट्याचं, तो दर. बाहेर पडलेल्यांचे ४४३८ अधिक २६०, त्यातून बँक्वेटचे २१६० वजा केले की २५३८. भागिले १०८ म्हणजे साडेतेवीस. त्यात खर्चाचे १५ मिळवा: साधारण ३८.५. हा आकडा तुमच्या वहीत राहू द्या. सेल्सला तो सांगितला की ग्राहकाला तोच दर दिला जातो, हा माझा अनुभव आहे. सेल्सला त्याच्या बराच वरचा 'इथून बोलणी सुरू करा' असा दर द्या.

दोन सावधगिऱ्या. एक, बाहेर पडणारे पाहुणे नेहमी सरासरी दराचेच असतात असं नाही. तुम्ही दर आणि सवलती नीट आवळत गेलात तर आधी सवलतीवाले बाहेर पडतील आणि चढ्या दराचे आत राहतील; मग बाहेर पडलेल्यांची किंमत वरच्या हिशोबापेक्षा कमी होते. दोन, आणि ही उलट दिशेची: पाहुणा एकाच रात्रीसाठी येत नाही. मंगळ-बुध-गुरू अशा तीन रात्रींचा पाहुणा बुधवारी जागा नाही म्हणून परत गेला, तर मंगळवारही घेऊन गेला. तुमच्या हॉटेलात लोक सरासरी किती रात्री राहतात ते बघा. दोन-तीन रात्री राहणारे जास्त असतील, तर मंगळवारच्या 'शून्य' वर फार विश्वास ठेवू नका.

पायरी ४: दर घासण्याआधी तारीख हलवून बघा

समजा ग्रुपला मंगळवार नको, फक्त बुधवार-गुरुवार हवेत. रूम नाइट ७२, बाहेर पडलेल्या मात्र ५२ च. त्याच ७० च्या दराने आता खोल्यांचे ३९६० आणि बँक्वेटचे १४४०, मिळून ५४००. बाहेर पडलेल्यांचे ४६९८. उरले फक्त ७०२, आणि किमान दर ३८.५ वरून ६० च्या वर गेला. एक रिकामी रात्र गळली तर एवढा फरक.

आता तोच ग्रुप सोमवार-मंगळवारी आला, आणि सोमवारही मंगळवारसारखाच अर्धा रिकामा आहे. बाहेर कुणीच पडत नाही. दर ७० वरून ५५ केला तरी रूम नाइटमागे ४० आणि बँक्वेटचे २० असे ६० उरतात. ७२ गुणिले ६०, म्हणजे ४३२०. दरात १५ ची सूट देऊनही सहापट जास्त!

नवख्याने एवढी एकच गोष्ट घरी नेली तरी पुरे. जुन्या ग्रुपला जे द्यायचं ते रिकाम्या रात्री द्या. त्याला खरी सूट हवी असते आणि तुम्हाला खऱ्या रिकाम्या खोल्या भरायच्या असतात. बुधवारी दोघंही अडवून बसतात, सोमवारी दोघांचंही भागतं. तारीख हलवणं प्रत्येकाला जमत नाही हे खरं. लग्नाची किंवा स्पर्धेची तारीख हलत नाही. पण प्रशिक्षणाचे वर्ग, विक्रेत्यांच्या बैठका, सहलींच्या मालिका यांच्या तारखा पुष्कळदा हलतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. चौकशीच्या पहिल्याच फोनला "तारीख पक्की आहे की एखाददोन दिवस इकडेतिकडे चालेल?" हे विचारायची सवय सेल्सला लावा.

पायरी ५: निष्ठेचा वर्षाचा ताळेबंद

आता नात्याकडे येऊ. 'जुना ग्राहक' हा शब्द बैठकीत हुकुमाच्या पानासारखा टाकला जातो. तो पडला की हिशोब बंद. हे टाळायला एकच उपाय आहे: कुठलीही चौकशी टेबलावर नसताना, मंदीच्या शांत दिवसांत, प्रत्येक जुन्या ग्रुपचं एक पान तयार करा.

त्यावर वर्षभरातल्या रूम नाइट लिहा, पण दोन रकान्यांत: हॉटेल भरलेलं होतं त्या रात्रीच्या किती, आणि रिकामं होतं त्या रात्रीच्या किती. वॉश किती टक्के. पैसे कधी येतात. बँक्वेटचा वाटा. शेवटच्या क्षणी किती बदल मागतात. फुकट खोल्या किती घेतात. चाळीस खोल्यांमागे एक फुकट, असली अट करारात असेल तर ती दरातूनच जाते, हे लोक विसरतात. बस, एक पान.

ही पानं शेजारी ठेवली की गंमत दिसते. काही ग्रुप वर्षभर सोमवार-मंगळवार भरून देतात, पावसाळ्या-हिवाळ्याच्या पडेल काळात येतात आणि एखाद्याच गर्दीच्या रात्री खोल्या मागतात. त्यांच्या त्या एका बुधवारी तुम्ही थोडं पदरचं घातलंत तरी वर्षाचा हिशोब भरपूर जमेचा राहतो. काही ग्रुप मात्र फक्त गर्दीच्याच आठवड्यांत येतात, दहा वर्षांपूर्वी ठरलेल्या दराने, दरवर्षी मागच्या पानावरून पुढे. त्यांना आपण जुने, निष्ठावंत म्हणतो. खरं तर ते आपल्याशी एकनिष्ठ नाहीत, आपणच त्यांच्याशी आहोत. बाहेर याच दराने याच आठवड्यात कुणी खोली देत नाही, म्हणून ते येतात.

पहिल्या प्रकारच्या ग्रुपसाठी नात्याची किंमत हिशोबात आकड्याने घाला. नकार दिला तर तो जाण्याची शक्यता तुमच्या अंदाजाने किती, आणि गेला तर रिकाम्या रात्रींचे वर्षाला किती बुडतील. समजा तो वर्षाला ३०० रूम नाइट रिकाम्या रात्रींना देतो आणि प्रत्येकीतून ५० उरतात, म्हणजे १५,०००. एका नकाराने तो जाईल याची शक्यता दहात एक वाटली, तर १५०० ही त्या रात्रीसाठी नात्याची किंमत. डिस्प्लेसमेंटचा हिशोब एवढ्यापर्यंत तोट्यात गेला तरी ग्रुप घ्या. त्याहून खोल गेला तर नम्रपणे नाही म्हणा. शक्यतेचा आकडा अंदाजाचाच आहे, हे मला मान्य आहे. पण लिहिलेल्या अंदाजावर भांडता येतं, तो पुढच्या वर्षी सुधारता येतो. "त्यांना वाईट वाटेल" यावर काय भांडणार?

दुसऱ्या प्रकारच्या ग्रुपचा दर एकदम बाजारभावाला आणू नका. पुढच्या वर्षीच्या करारात थोडा, त्यापुढे आणखी थोडा, आणि बरोबर रिकाम्या रात्रींचा स्वस्त पर्याय. काही जातील. जाऊ द्या.

पायरी ६: आयत्या वेळेसाठी किती खोल्या राखायच्या

१९७२ मध्ये ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीच्या केन लिटलवूड यांनी एक साधा नियम मांडला. स्वस्त दराचा ग्राहक समोर उभा असताना महाग दराच्या ग्राहकासाठी जागा राखायची ती तोवरच, जोवर ती महाग दराने जाण्याची शक्यता, स्वस्त दर भागिले महाग दर, याहून जास्त आहे. ७० आणि १२० घेतले तर ७० भागिले १२०, म्हणजे ५८ टक्के.

हे करायला संगणक लागत नाही. मागचे असेच दहा गर्दीचे बुधवार काढा. शेवटच्या दहा दिवसांत चढ्या दराने किमान २० खोल्या गेल्या असे बुधवार दहापैकी आठ, किमान ३० गेल्या असे सहा, किमान ३५ गेल्या असे चार. तिसावी खोली विकली जाण्याची शक्यता ६० टक्के, ५८ च्या जरा वर. पस्तिसावीची ४०, बरीच खाली. म्हणून ३० च्या आसपास राखा, पस्तीस नको.

एक गोम आहे. हा नियम एकेक खोलीचा विचार करतो. ग्रुप ३६ खोल्या एकदम मागतो, त्याला "अठ्ठावीसच देतो" म्हटलं तर तो सगळाच जातो. म्हणून ग्रुप घ्यायचा की नाही हे पायरी ३ च्या हिशोबाने ठरवायचं, आणि ग्रुपला वाढीव खोल्या द्यायच्या का, ब्लॉकमधून सुटलेल्या खोल्या कुठल्या दराने विकायच्या, हे या नियमाने.

राखलेल्या खोल्या रोज तपासा. शक्यता दिवसागणिक बदलते. दहा दिवस आधी ३० राखणं शहाणपणाचं होतं आणि तीन दिवस आधी त्यातल्या १८ तशाच पडून असतील, तर दर जपत बसणं हा शुद्ध हट्ट. शेजारच्या हॉटेलांनी दर खाली आणले आहेत का ते बघा, पण त्यांच्या मागे आंधळेपणाने उतरू नका; त्यांचा एखादा मोठा ग्रुप रद्द झालेला असू शकतो, ते त्यांचं दुखणं आहे.

पायरी ७: करारात आधीच लिहून ठेवा

ग्रुपशी होणारी बहुतेक भांडणं गर्दीच्या आठवड्यात होतात आणि त्यांचं मूळ वर्षाच्या सुरुवातीच्या सैल करारात असतं. चार गोष्टी तरी स्पष्ट हव्यात. कट-ऑफ कधी, गर्दीच्या काळात ती बरीच आधीची ठेवा, म्हणजे सुटलेल्या खोल्या विकायला वेळ मिळतो. टप्प्याने सोडणं: साठ दिवस आधी इतक्या, तीस दिवस आधी इतक्या खोल्या बिनदंड परत करता येतील. त्यानंतर कमी भरल्या तर भरपाई किती, ज्याला ॲट्रिशन म्हणतात. आणि ठरलेला दर कुठल्या तारखांना लागू नाही.

वर्षभराच्या कंपनी-दरात एक शब्द फार महाग पडू शकतो: शेवटची खोली शिल्लक असेपर्यंत हा दर मिळेल, ही अट. ती दिलीत तर गर्दीच्या बुधवारी तुम्हाला हात बांधून बसावं लागतं. जो ग्राहक रिकाम्या रात्री भरून देतो त्यालाच ती द्या, आणि थोड्या चढ्या दराने द्या.

एकदा सही झाली की मात्र पाळायचं. बाजार अचानक चढला म्हणून सही झालेला ब्लॉक कापणं, 'सिस्टिममध्ये चूक झाली' म्हणून खोल्या कमी दाखवणं, हे होतं, मी पाहिलेलं आहे. त्या आठवड्याचा दर छान दिसतो. ग्रुप पाठवणारी माणसं मात्र एकमेकांना ओळखतात आणि बोलतात. ओव्हरबुकिंग अंगाशी आलं आणि कुणाला दुसऱ्या हॉटेलात पाठवायची वेळ आलीच, तर ग्रुपमधला माणूस पाठवू नका. सकाळी नाश्त्याला तो दिसला नाही की उरलेल्या पस्तीस जणांना कळतं.

पायरी ८: नाही म्हणायचं कसं

लवकर. हिशोब पंधरा मिनिटांचा आहे. जुन्या ग्राहकाला तीन दिवस लटकत ठेवून नाही म्हणणं हा नकारापेक्षा मोठा अपमान. आणि नुसतं नाही कधीच नको, पर्याय बरोबर हवा. मी सेल्सला साधारण असा मजकूर देतो:

"नमस्कार. आपण मागितलेल्या बुधवार-गुरुवारी परिषदेमुळे आमच्याकडे नेहमीच्या दराने खोल्या देता येत नाहीत, हे आपल्याला आजच कळवतो, म्हणजे आपला वेळ जाऊ नये. त्याच आठवड्यात सोमवार-मंगळवारी आपल्या नेहमीच्या दरापेक्षा कमी दराने ४० खोल्या आणि सभागृह राखून ठेवता येईल. बुधवार-गुरुवारच हवे असतील तर २० खोल्या नेहमीच्या दराने आणि बाकीच्या त्या दिवसाच्या दराने देऊ शकतो. दोन्हींपैकी काहीही ठरलं तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा, तोवर खोल्या आपल्यासाठी धरून ठेवतो."

कारण खरं सांगा. 'हॉटेल पूर्ण भरलंय' असं खोटं कळवलं आणि ग्राहकाने ओटीएवर तुमचीच खोली चढ्या दराने मोकळी पाहिली, की सहा वर्षं एका मिनिटात गेली.

जाता जाता एक. सेल्सच्या माणसाचा बोनस रूम नाइटवर आणि तुमचा सरासरी दरावर ठरत असेल, तर वरचं काहीही चालणार नाही. तो मंगळवार सोडून बुधवार विकेल, कारण बुधवार सहज विकला जातो. तुम्ही मंगळवारचा स्वस्त ग्रुप नाकाराल, कारण तुमचा सरासरी दर खाली येतो. वरिष्ठांकडे हे बदलून मागा. किमान आठवड्याच्या बैठकीत दोघांनी एकच तक्ता बघावा: रात्रवार मोकळ्या खोल्या आणि पुढच्या नव्वद दिवसांतल्या 'ग्रुप हवा' व 'ग्रुप नको' अशा रात्री. हा तक्ता हातात असला की सेल्सला फोनवर तुमची वाट बघावी लागत नाही.

पायरी ९: ग्रुप गेल्यावर

पाहुणे निघाले, बिल भरलं, की त्याच आठवड्यात पान उघडा. अंदाज ८५ चा होता, प्रत्यक्षात सुट्या पाहुण्यांची मागणी किती आली? नकारांच्या वहीत त्या तीन तारखांना किती ओळी आहेत? सुटलेल्या खोल्या शेवटी कुठल्या दराने गेल्या? ग्रुपने ४० मागितल्या, ३६ धरल्या, आल्या किती?

समजा ३३ आल्या. तर या ग्रुपचा वॉश दहा नव्हे, सतरा-अठरा टक्के धरायला हवा होता, म्हणजे बुधवारच्या तीन खोल्या आपण चढ्या दराने आधीच विकू शकलो असतो. आकडा खोडा, नवा लिहा, तारीख टाका. आणि पुढच्या वर्षीच्या ब्लॉकची बोलणी ४० ऐवजी ३४ पासून सुरू करायला सेल्सला आजच सांगून ठेवा. वाढवून मागितल्या तर कट-ऑफच्या आधी देता येतात.